गोळी थांबली त्या दिवशी

विनिताने रिपोर्ट तिसऱ्यांदा उलगडला. म्हापशाच्या बसस्टँडवर शुक्रवारच्या बाजाराची गर्दी उसळली होती.

"परत वाच," शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणाला.

"आढळले नाही! आजच्यान गोळी बंद, रुद्रेश. दोतोरान स्वता सांगलां."

सात वर्षांपूर्वी, लग्नाला चार महिने झाले असताना, तिला रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून रोज जेवणानंतर एक गोळी. ती चालू असेतो मूल नको, हेही तेव्हाच सांगितलेलं.

"ती गोळी करता किदें, तें तरी आज सांग," रुद्रेश म्हणाला. "सात वर्सां हांव नुसती मान हालयतां."

विनिता खळखळून हसली. साखळीच्या उच्च माध्यमिकात ती जीवशास्त्र शिकवायची. समजावायला लागली की आपसूक वर्गातली मराठी यायची.

"पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ म्हणून. तो आत पोचवतात कायनेज नावाची प्रथिनं. एक दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवतं, दुसरं जागं होऊन तिसऱ्याला. काम झालं की सगळी गप्प. माझ्यातलं एक गप्पच बसेना. निरोप नसतानाही वाढा, वाढा! फॉस्फेट आणणारा रेणू त्याच्या ज्या खाचेत बसतो, ती खाचच गोळी अडवून धरते."

"आनी आतां?"

"आता तशा पेशी सापडतच नाहीत. दर महिन्याला रक्त तपासायचं. निम्म्या लोकांत दुखणं परत डोकं काढतं, मग गोळी परत सुरू. नाही काढलं, तर..." तिने रिपोर्टची घडी घातली. "तर वर्षभरानं बघूया म्हणाले डॉक्टर."

"बाळाचें?"

रुद्रेशने इतक्या मोठ्याने विचारलं, की समोरच्या बाकावरची मिरचीवाली वळून हसली. तो उठलाच. "आवयक पेढे हाडटां!" म्हणत आईसाठी पेढे आणायला गर्दीत घुसला.

साखळीची बस लागली तेव्हा तो धावत आला. पिशवी विनिताच्या हातात देऊन तो पायरीवर चढला. खिडकीशी बसल्यावर तिने पेढ्यांचा पुडा सरळ केला. खाली औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी होती. आत तिच्याच गोळ्यांचं नवं पाकीट.

रुद्रेश मान वळवून पलीकडच्या खिडकीबाहेर बघत होता.

"लागचें ना तें," लागणार नाहीच असं स्वतःला बजावल्यासारखा तो पुटपुटला. "आसूं दी म्हूण."

विनिताने पाकीट आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. मग पुडा उघडून पहिला पेढा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या मुठीत मिटली.