आडव्या रेघेचा सात

मतमोजणीच्या हॉलमध्ये एक कठडा असतो. आतल्या बाजूला सरकारी माणसं पेट्या उघडून मतपत्रिका सरळ करत बसतात आणि बाहेरच्या बाजूला आम्ही. हात लावायची परवानगी नाही, बघायची आहे. म्हणून कठडा पोटात रुतेपर्यंत वाकायचं, आणि कुठल्या पेटीत कुणाला किती ते पेन्सिलीच्या रेघांनी मांडत जायचं. अधिकृत निकाल लागायला दोन दिवस जातात. आम्हाला तो पहिल्या दिवशी जेवणाआधीच ठाऊक असतो, आणि कुठल्या वस्तीनं कुणाला किती दिलं हेही. मतदान गुप्त असतं म्हणतात. म्हणोत बापडे.

मी अट्रॅक्टा गिलमार्टिन. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, आणि त्यातली पंचवीस मालाकी टियर्ननसाठी या कठड्यावर वाकले. मालाकी आमचा काउन्सिलर. जर्मनीत इमारतींच्या कामावर काही वर्षं काढून तो परत आला तेव्हा आमच्या गावात, किलब्रॅकमध्ये, नळाचं पाणी नव्हतं. त्यानं काउन्सिलच्या दारात जाऊन जाऊन चपला झिजवल्या आणि पाइपलाइन आणली. पुढच्या निवडणुकीला लोकांनी त्यालाच उभं केलं, आणि त्यानंतर तो कधी हरला नाही. रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा, म्हातारीच्या पेन्शनचा अर्ज, सगळं मालाकीकडे. आणि मयती. आमच्याकडे काउन्सिलर मयतीला आला नाही तर घरचे लोक तीन पिढ्या लक्षात ठेवतात. मालाकीच्या खिशात एक काळी डायरी असे, तीत फक्त मयतींच्या तारखा. वर्षाला सव्वाशेच्या वर. पंचवीस वर्षांत त्यानं एक चुकवली नाही.

किलब्रॅकची पेटी लहान, पंचेचाळीस मतदारांची. गेल्या खेपेला तीतलं एकही मत बाहेर गेलं नव्हतं. या जूनमध्ये पेटी उघडली तेव्हा आत त्रेचाळीस कागद निघाले. दोन जण आले नव्हते, एवढं तर दर वेळी होतंच. मी रेघा मारत गेले. मालाकी, मालाकी, मालाकी. आणि एकोणतिसाव्या कागदावर माझी पेन्सिल थांबली.

आमच्याकडे मतपत्रिकेवर फुली नसते, पसंतीचे आकडे असतात. आवडत्याला एक, मग दोन, मग तीन. बहुतेक लोक तीनवर दमतात. या कागदावर सातही उमेदवारांपुढे आकडे होते. एक होता सोर्शा हेशनला, पलीकडच्या शहरातली ती मास्तरीण, जिला किलब्रॅक नकाशावर दाखवता आलं नसतं. आणि सात, सगळ्यात शेवटचा, मालाकी टियर्ननला. सातच्या पोटातून एक आडवी रेघ काढलेली, नीट, सावकाश.

शेजारी वाकलेल्या हेशनच्या माणसानं माझ्याकडे बघून मान डोलावली. "घरचंच दिसतंय कुणीतरी," तो म्हणाला.

"तू तुझ्या रेघा मार," मी म्हटलं.

मालाकी निवडून आला, पण कसा? आमच्या विभागातून बरेच जण निवडून जातात, त्यातली शेवटची जागा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अकरा मतांनी. खांद्यावर उचलून घेतलं तेव्हा त्याचा चेहरा दात उपटून घ्यायला आलेल्या माणसासारखा होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आपल्या पेटीतून एक मत फुटलंय. आणि नुसतं फुटलं नाही, कुणीतरी मुद्दाम शेवटपर्यंत जाऊन तुला सातवा केलाय."

"एकच ना," तो म्हणाला. "जाऊ दे, अट्रॅक्टा."

जाऊ दे म्हणे. मी जाऊ देणारी असते तर पोस्टात टिकले असते का?

पुढचे दोन आठवडे मी किलब्रॅकमध्ये कुणाच्या घरी मोकळ्या मनानं चहा प्यायले नाही. दुकानदार डेक्लननं जिंकल्याबद्दल केक पाठवला, तेव्हा मला वाटलं, एवढा मोठा केक कशासाठी? फादर कॉनीलींनी प्रवचनात निष्ठेचा विषय काढला, तेव्हा मी त्यांच्याकडे अशी बघत राहिले की त्यांनी चष्मा पुसायला काढला. जो माझी नजर चुकवी त्याचा मला संशय, आणि जो सरळ बघे त्याचा जास्त. रात्री डोळे मिटले की तो सात दिसे. कुठंतरी पाहिला होता, पण आठवेना.

मग एका रविवारी चर्चबाहेर पॅडर लोफ्टसनं मला फुटबॉल क्लबच्या लॉटरीचं तिकीट दिलं. वर्षानुवर्षं ती तिकिटं तोच लिहितो. माझे नेहमीचे आकडे, चार, सतरा, सत्तावीस. दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ.

पॅडर. मालाकीचा शेजारी, शाळेतला बाकावरचा सोबती. जर्मनीतही दोघं एकाच कामावर होते, एका खोलीत राहिले होते. खोटं कशाला बोलू, मला एक गार समाधान वाटलं. सापडला.

"हे सात असे कुठं शिकलास?" मी विचारलं.

"म्युनिकमध्ये. तिथं एकचा आकडाही 7 सारखा वाकडा काढतात, मुकादम नुसत्या सातला एक समजायचा." तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "का गं?"

"काही नाही. आपलं विचारलं."

मी ते मालाकीला सांगितलं. तो खिडकीशी उभा होता. बाहेरच बघत म्हणाला, "पॅडर असं करणार नाही."

"सात त्याचाच आहे. मी पोस्टातली आहे, मला अक्षर कळतं."

"हे कुणाला बोलू नकोस." बास. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला, की मित्र आहे म्हणून याला लाज वाटतेय, तर याच्या वाटचा राग आपणच करायला हवा.

आणि तो मी केला. मी बोलले कुणाजवळ फारसं नाही, फक्त डेक्लनच्या बायकोजवळ. तेवढं पुरलं. महिन्याभरात पॅडर दुकानात शिरला की बोलणं थांबायला लागलं. लॉटरीची तिकिटं खपेनात. रस्तादुरुस्तीची यादी मालाकीसाठी मीच टाईप करते. पॅडरच्या घराकडे जाणारी गल्ली तीत तिसरी होती. मी ती उडवली. मालाकीनं यादी वाचली, सही केली, काही विचारलं नाही.

पॅडर एकदा माझ्या दाराशी आला होता. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "लोक म्हणतात, मी मालाकीच्या विरुद्ध मत दिलं."

"लोक काय, काहीही म्हणतात," मी म्हटलं. "तू म्हण ना, की दिलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टोपीकडे. "ते मला म्हणता येत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला. याहून कबुली ती काय असते?

सप्टेंबरात त्याची बायको मेव्ह गेली. कॅन्सर होता, आणि तिनं तो कुणाला कळू दिला नव्हता. आमच्याकडे माणूस गेलं की शेजारी कबर खणतात, दोन रात्री घरात राबता असतो, आणि सँडविचचे ढीग पाठवतात. किलब्रॅकमधल्या प्रत्येक मयतीला अंड्याचे सँडविच माझे असतात. या वेळी मी ब्रेडच आणला नाही. चर्चमध्ये लोक आले, चर्चला न येऊन कसं चालेल? पण घरी मोजकेच गेले. गल्लीतल्या खड्ड्यांमुळे शवपेटीची गाडी दारापर्यंत जाईना, म्हणून पेटी खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावी लागली. खांदे कमी पडले, पॅडरचे दोन चुलतभाऊ परगावाहून बोलवावे लागले. हे सगळं मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं.

आणि मालाकी आला नाही. घरी नाही, चर्चमध्ये नाही, कबरीवर नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. गावाला जे पटवायचं राहिलं होतं ते त्या दिवशी पटलं.

नोव्हेंबरात मतदारांची यादी आली. मतदान केंद्रावर जो येतो त्याच्या नावावर रेघ मारतात, आणि रेघा मारलेली यादी नंतर उमेदवाराला मागून घेता येते. कोण येतं, कोण आळस करतं हे पुढच्या वेळेसाठी कळतं. मी चहाचा कप घेऊन किलब्रॅकचं पान उघडलं. पंचेचाळीस नावं, त्रेचाळीस रेघा. दोन नावं कोरी.

लोफ्टस, मेव्ह. लोफ्टस, पॅडर.

मी पान उन्हात धरून पाहिलं. पुसट रेघ असेल म्हणून भिंगानं पाहिलं. काही नव्हतं. मग आठवलं, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना केंद्रावर न्यायला मी सकाळपासून गाडी फिरवत होते, आणि लोफ्टसांचं दार बंद होतं. मी दोनदा वाजवलं होतं. दोघं इस्पितळात होते, तिच्या तपासण्यांना. हे मला मयतीनंतर कळलं होतं, तारखेसकट, आणि तरी मी एकाला दुसरं जोडलं नव्हतं.

मग तो सात कुणाचा?

मी मालाकीच्या घरी गेले. नोरा, त्याची बायको, बाजाराला गेली होती. तो स्वयंपाकघरात बूट पुसत बसला होता, दुपारी कुठंतरी मयत होती. काळी डायरी टेबलावर उघडी. पंचवीस वर्षं ती डायरी मी रोज पाहत आले. सात तारीख. सतरा तारीख. सत्तावीस. प्रत्येक सातच्या पोटात नीट, सावकाश काढलेली आडवी रेघ. एका मुकादमाचे दोन शागीर्द. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला मी, ज्याच्यासाठी घेतला तो सोडून.

मी यादी डायरीशेजारी ठेवली. त्यानं दोन्हींकडे पाहिलं आणि बुटावरचा हात थांबवला.

"मला हरायचं होतं, अट्रॅक्टा," तो म्हणाला.

"मग उभा कशाला राहिलास?"

"नोराला सांगायची हिंमत झाली नाही. तुला सांगायची तर त्याहून नाही. पंचवीस वर्षं मी लोकांचे हात हातात घेतोय, ज्यांची नावंही मला गाडीत बसल्यावर आठवत नाहीत. त्या दिवशी पडद्यामागे गेलो, पेन्सिल हातात घेतली आणि वाटलं, ही एवढी एकच जागा आहे जिथं मला कुणी बघत नाही." त्यानं मतदारांची यादी माझ्याकडे सरकवली. "ती जागाही तशी नव्हती म्हणायची."

"आणि पॅडरवर आळ आला तेव्हा?"

"तेव्हा रोज वाटायचं, उद्या सांगू."

"मयतीला का नाही गेलास?"

"हात पुढे करायचा कुठल्या तोंडानं?"

मला त्याचा इतका संताप आला की टेबलावरचा बूट उचलून त्याला मारावासा वाटला. पण रस्तादुरुस्तीच्या यादीतून गल्ली त्यानं उडवली नव्हती. मी उडवली होती.

"आज दुपारची मयत सोड," मी म्हटलं. "पॅडरकडे जा."

"जाईन," तो म्हणाला. तो बूट पुसायला लागला. तो जाणार नाही हे मला कळलं, म्हणून मीच निघाले.

गल्लीतल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं. पॅडरनं दार उघडलं, मला पाहिलं आणि बाजूला झाला. आत टेबलावर एकच कप होता. मी न बसताच म्हणाले, "तू मतदानाला गेलाच नव्हतास."

"नाही."

"मग माझ्या दारात आला होतास तेव्हा सांगितलं का नाहीस? एका वाक्याचं काम होतं."

त्यानं किटली चुलीवर ठेवली. "सांगितलं असतं तर तू दुसऱ्याला शोधायला लागली असतीस," तो म्हणाला. "असे सात काढणारे इथं दोघंच. तुला तो सापडला असता."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"एक मत फुटल्याचं कानावर होतंच. तू चर्चबाहेर तिकिटाकडे बघत उभी राहिलीस ना, तेव्हापासून. तो थकलाय हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. माणसाला एक मत स्वतःचं म्हणून टाकायचं असेल तर टाकू दे की."

मी उभीच होते. "त्यानं मयतीला यायला हवं होतं," एवढंच बोलले.

पॅडरनं कपाटातून दुसरा कप काढला, तो पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"त्याचं मी समजू शकतो, त्याला लाज वाटत होती," तो म्हणाला. "पण मेव्ह शेवटच्या दिवशी विचारत होती, अट्रॅक्टाचे सँडविच येतील ना म्हणून. तू यायचं होतंस."