गढूळ पाझर

“बूच मारायचं, दुसरं काय!” असं म्हणून भाऊजींनी चिकणमातीचं पोतं खांद्यावरून धपकन खाली टाकलं. “पाणी थांबलं की विषय संपला. उगाच कुणाच्या कानावर जायला नको.”

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही धरणाच्या पायथ्याशी, माझ्या रोपांच्या वाफ्यांजवळ उभे होतो. धरण आपलं म्हणायचं म्हणून. शेतीपुरता एक तलाव आणि त्याला अडवणारी मातीची लांबलचक भिंत, एवढंच ते. त्या भिंतीच्या तळाशी एक पाझर वर्षानुवर्षं वाहतो, पाणी अगदी नितळ. त्याच पाण्यावर मी मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची रोपं करते आणि विकते. भर उन्हाळ्यात सगळीकडे जमीन भेगाळलेली असायची आणि माझे वाफे हिरवेगार. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे. हाताला कसला डोंबलाचा गुण, धरण गळत होतं!

आमचे हे त्या धरणाचं दार सांभाळायचे. पाणी सोडायचं, बंद करायचं, चाकाला ग्रीस लावायचं, भिंतीवर उगवलेली झुडपं उपटायची. गेल्या वर्षी जेवता जेवता छातीला हात लावला आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. दाराची चावी माझ्याच घरात खिळ्याला अडकवलेली आहे. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. लोक भेटायला आले, रडले. मी सगळ्यांना चहा केला. कोणी म्हणालं, बाई मोठी धीराची. धीर नव्हता हो तो, नुसतं बधिरपण होतं.

जेवायला मी भाऊजींकडे असायचे. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला मी धाकटी म्हणते. “जाऊबाई, एकटीसाठी कशाला चूल पेटवता?” म्हणून तिनंच ओढून नेलं. भाऊजी, धाकटी आणि त्यांची दोन पोरं, एवढीच माझी माणसं. आम्हाला मूलबाळ झालं नाही, माहेरी आता कुणी उरलं नाही. त्यांचं घर भिंतीच्या बरोबर खाली, हाकेच्या अंतरावर आहे.

आमचे हे रोज पाझराकडे बघायचे. “स्वच्छ पाणी येतंय तोवर खुशाल झोप,” म्हणायचे. “माती यायला लागली की बोंब मार. माती आली म्हणजे धरण आतून पोखरतंय.” मी हूं हूं करायचे. नवऱ्याचं बोलणं एवढं मनावर कोण घेतं!

आणि त्या सकाळी पाझर गढूळ आला होता, चहासारखा.

भाऊजींना बोलावलं मीच. म्हटलं, मॅडमना फोन करते. मॅडम म्हणजे पाटबंधाऱ्याच्या इंजिनीअर. आसपासची सगळी लहान धरणं त्यांच्याच गळ्यात.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?” भाऊजी म्हणाले. “त्या आल्या की आधी दार उघडणार, तलाव रिकामा करणार. कांदा आत्ता कुठं पोसायला लागलाय. अजून दोन पाळ्या पाणी नाही मिळालं तर लिंबाएवढा राहील. माझाच नाही, अख्ख्या गावाचा.”

“आणि फुटलं तर?”

“इतकी वर्षं गळतंय. फुटलं?”

वाद घालायला अंगात जीव लागतो, तो माझ्यात नव्हता. भाऊजींनी पाझराच्या तोंडाशी माती ठासली, वर दगड रचले आणि त्यावर उभं राहून पायांनी चेपलं. पाणी थांबलं.

“बघा, सुंठीवाचून खोकला गेला,” ते म्हणाले आणि खूश होऊन हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रोपांना पाणी घालायला गेले तर मिरचीच्या वाफ्यातच पाणी वर येत होतं, खालून कोणी उकळतंय असं. भोवती बारीक मातीचं कडं साचलेलं, मुंग्यांनी काढावं तसं. रोपं उन्मळून त्यात गोल गोल फिरत होती. मी हात घातला. पाणी थंडगार होतं आणि बोटांमधून माती सरसर निसटत होती. मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, एवढं मात्र कळलं.

खाली बघितलं तर धाकटी अंगणात पोरीचे केस विंचरत होती. पोरगी वळवळत होती आणि धाकटी तिच्या डोक्यात टपली मारत होती.

मी मॅडमना फोन केला. मग खाली जाऊन धाकटीला म्हटलं, “पोरांना घे आणि वर शाळेत जाऊन बस.”

“अहो, पण ह्यांना कळलं तर?”

“कळू दे. ऊठ.”

ती उठली. माझं तोंड बघून उठली असावी.

दुपारपर्यंत मॅडम आल्या. त्यांनी ते पाणी बाटलीत भरलं, जीपच्या बॉनेटवर ठेवलं आणि बाटलीकडे बघत उभ्या राहिल्या. तळाला मातीचा थर बसला. मग त्यांनी भाऊजींनी रचलेले दगड पाहिले.

“हे कोणी बुजवलं?”

भाऊजी माझ्या मागेच उभे होते. “मी,” मी म्हटलं.

“अहो मावशी, पाणी अडवायचं नसतं इथं. माती अडवायची असते. वाळू घालायची, त्यावर खडी, आणि पाणी येऊ द्यायचं. कोंडलं की ते दुसरीकडून फोडून निघतं.”

“माहीत आहे.”

“माहीत असून बुजवलंत?”

भाऊजी तोंड दुसरीकडे करून उभे राहिले.

मॅडमच्या माणसांनी वाळू, खडी ओतायला घेतली आणि त्या म्हणाल्या, दार उघडा. तोवर गाव जमा झालं होतं. भाऊजी भिंतीवर चढून दाराच्या चाकापाशी उभे राहिले. मघाशी गप्प होते, आता आवाज चढला होता.

“वहिनी, चावी द्यायची नाही. ह्यांना पहिल्यांदा भरपाईचं लिहून द्यायला सांगा.”

“दादा, बोलायला वेळ नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं घर कुठलं?”

“ते खालचं.”

“मग बाजूला व्हा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चावी कोणाला दिली नाही. स्वतःच पुढे गेले आणि साखळीचं कुलूप काढलं. चाक दोघांनी मिळून फिरवलं. कालव्यात पाणी धडाडत पडलं. ज्यांचे पाट तयार होते त्यांनी थोडं घेतलं, पण एकदम सुटलेलं पाणी ओंजळीत किती मावणार? बाकीचं नदीला गेलं.

भाऊजी माझ्या जवळून जाताना म्हणाले, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं.”

ते लागलं. कितीतरी दिवसांत मला पहिल्यांदा काही लागलं, आणि लागलं ते हे.

तलाव आटून चिखल झाला. कांदा लिंबाएवढाच राहिला, भाऊजी म्हणाले होते तसा. धरण मात्र उभं होतं, आणि तेच मला भोवलं. फुटलं असतं तर मी खरी ठरले असते. दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. एकजण तर मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, “नवरा गेला तशी डोक्यानं पण गेली.” भाऊजींच्या घरातून मला जेवायला बोलावणं आलं नाही. मी आपली चूल पेटवली. एकटीपुरता भात करायचा अंदाज येत नव्हता, रोज उरायचा.

मग खोदायचं मशीन आलं. भिंत वरून कापत खाली गेले आणि मॅडमनी मला हाक मारली. आत पोकळी होती. मोठा माणूस गुडघे मुडपून बसेल एवढी, भिंतीच्या पार अर्ध्यापर्यंत गेलेली. कडा ओल्या आणि गुळगुळीत होत्या. आम्ही दोघी बघत राहिलो.

मी तशीच भाऊजींच्या शेतात गेले. ते कांदा काढत होते.

“भाऊजी, भिंतीत पोकळी निघालीय, एकदा बघायला चला. मला दुसरं काही नको. नुसतं बघा.”

“कांदा काढतोय. दिसत नाही?”

“आज बुजवतील ते.”

“वहिनी, जा तुम्ही.”

धाकटी बांधावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि हातातल्या कांद्याची पात कापत राहिली. संध्याकाळपर्यंत माणसांनी थर घालत, पाणी मारत, चेपत पोकळी भरून टाकली. वरून रोलर फिरवला.

भाऊजी आले ते दोन-चार दिवसांनी, ऊन उतरल्यावर, एकटेच. मी वाफ्यांतली सुकलेली रोपं उपटत होते. धरणच दुरुस्त झालं तर पाझर कुठून येणार? त्यांनी भिंतीकडे मान वळवली.

“कुठं होतं?”

मी वर नेऊन जागा दाखवली. ते तिथं उभे राहिले आणि टाच आपटून बघितली.

“इथं तर काहीच नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

“केवढं होतं?”

तुम्ही मावला असता, असं ओठांवर आलं होतं. “होतं मोठं,” म्हटलं.

त्यांनी पायाखाली बघितलं, मग समोर उतारावर. तिथून त्यांचं घर सरळ खाली दिसतं, मध्ये काही नाही. धाकटी दोरीवरचे कपडे काढत होती. पोरं तिच्या आजूबाजूला पळत होती आणि ती ओरडत होती, शब्द कळत नव्हते. भाऊजींनी टाच आपटली होती तिथली माती पायानं सारखी केली. मग ते उतरून गेले.

ते अंगणात पोचेपर्यंत मी वरच थांबले. धाकटीनं कपड्यांचा ढीग त्यांच्या हातात दिला. पोरगी त्यांच्या पायाला लोंबकळली, पोरगा पुढे पळाला. सगळी होती. एकेक करून आत गेली आणि शेवटी धाकटीनं दार लावून घेतलं.