बटणाचा टाका

धाकटा परदेशात शिंपीकाम करत होता. भावंडांत शेवटचा म्हणून तो धाकटा, आणि पन्नाशीला टेकला तरी बहिणीच्या लेखी धाकटाच. दुकान कपडे दुरुस्त करायचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करणं. एका लांब टेबलाच्या या टोकाला तो बसे, त्या टोकाला नाना. नाना त्याच्याच देशाचा, पण नदीकाठचा. धाकटा डोंगराकडचा. मालकीणबाईंना हा फरक कधी कळला नाही. त्या दोघांना सख्खे भाऊ समजत आणि एकाची चूक बिनदिक्कत दुसऱ्याच्या पदरात घालत.

मायदेशात निवडणूक झाली. डोंगराकडची आणि नदीकाठची, दोन्ही बाजू जिंकल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी तसं जाहीर केलं. एका खुर्चीवर दोघं बसायला गेले की जे होतं ते झालं. फक्त खुर्ची शाबूत राहिली आणि लोकांची घरं मोडली.

अशा वेळी परदेशातल्या नागरिकाने काय करायचं? धाकट्याने जमेल ते केलं. फलक घेऊन वकिलातीसमोर उभा राहिला. वकिलातीला सुट्टी होती. मग तो फोनकडे वळला, कारण फोनला सुट्टी नसते.

आता बटणाचं सांगतो. चार भोकांचं बटण तुम्ही पाहिलं असेल. डोंगराकडचे शिंपी त्यातून दोरा फुलीसारखा तिरका घालतात. नदीकाठचे दोन सरळ रेघा घालतात, शेजारी शेजारी. का, ते कोणालाच माहीत नाही. आजोबांनी तसं शिकवलं, आजोबांना त्यांच्या आजोबांनी. दोन्ही बटणं सारखीच टिकतात आणि सारखीच तुटतात. निकालाच्या दिवशी धाकट्याने दोन शर्ट टेबलावर मांडले, एक स्वतः शिवलेला, एक नानाने. फोटो काढला आणि डोंगराकडच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘माणूस नाव बदलेल, टाका बदलणार नाही. ओळखा, आपले कोण!’ हसऱ्या तोंडांची रांग लागली. धाकट्याला बरं वाटलं. शिंप्याच्या विनोदाला एरवी हसतं कोण?

पुढे थोड्याच दिवसांत नानाने त्याच्याशी बोलणं सोडलं. खडू हवा असला तरी मालकीणबाईंमार्फत मागायचा.

“त्याला सांगा, खडू सरकव.”

“अरे, तो काय सातासमुद्रापलीकडे बसलाय?” बाई म्हणत आणि खडू सरकवत.

धाकट्याने स्वतःची समजूत घातली, निकाल जिव्हारी लागला असेल. हरलेला माणूस असाच वागतो. नानाची बाजूही जिंकली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी दुकान उघडतंय तोच ताईचा फोन आला.

“धाकट्या, आम्ही शाळेत आहोत. घर गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“गेलं म्हणजे जळलं. आणखी कसं जातं घर? पोरं बरी आहेत. तुझे भाऊजी भूक भूक करतायत, म्हणजे तेही बरेच. दुपारी सीमेकडे बस सुटणार आहे. पण पुलावर आपली डोंगराकडची पोरं गाड्या अडवतात. बटणं बघतात.”

धाकट्याची सुई कापडात अर्धी शिरून थांबली. “बटणं?”

“टाका रे, टाका. फुली असली तर आपले. रेघा असल्या तर खाली उतरवून घेतात. कोणा दीडशहाण्याने फोटो पाठवलाय म्हणे. माणूस नाव बदलेल, टाका बदलणार नाही. पोरांनासुद्धा पाठ झालंय.”

“पण… तुम्हाला कसली भीती? आपण डोंगराकडचेच.”

“आपण आहोत. शर्ट नाहीत. आमच्या गल्लीत शिंपी एकच, तो नदीकाठचा. सख्खा भाऊ परदेशात परक्यांच्या पँटी आखूड करतोय, मग आम्ही शिवून घ्यायचं कोणाकडून?”

“त्यांना सांग, आम्ही तुमचेच.”

“सगळे तेच सांगतात, म्हणून तर बटणं बघतात.”

“मग बटणं उसव आणि फुलीने लाव.”

“आणि पुढच्या नाक्यावर? तिथे नदीकाठचे उभे आहेत, त्यांना रेघा लागतात. चालत्या बसमध्ये टाके बदलू? माझ्या हातचं बटण घरात बसून लावलेलंही दुपारपर्यंत टिकत नाही. तू शिंपी ना? मग सांग काहीतरी. बस सुटायच्या आत सांग.”

फोन बंद झाला. धाकटा टेबलाच्या त्या टोकाला गेला. इतक्या वर्षांत तो तिथे क्वचितच गेला होता.

“नाना, ताई बसने निघालीय. तिच्या घरच्यांच्या शर्टांना तुमचा टाका आहे, पुलावर धरतील. आमचा घातला तर पुढच्या नाक्यावर धरतील. मला काही सुचत नाही.”

नानाने मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतल्या होत्या. मध्यस्थ नाही म्हटल्यावर त्याला स्वतःच बोलावं लागलं. त्याने फोन काढून समोर धरला. पडद्यावर दोन शर्ट, दोन बटणं आणि कोपऱ्यात टेबलाच्या लाकडावरचा इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. तो डाग धाकट्याने पाडला होता. बोलणी नानाने खाल्ली होती.

“माझ्या मावसभावाच्या बायकोने पाठवला,” नाना म्हणाला. “कुठून आला, तिला माहीत नाही. मला कळलं.”

धाकटा डागाकडे बघत राहिला.

“त्या मावसभावाला पुलावर उतरवून घेतलं. अंगात शर्ट मी शिवून पाठवलेला. इथेच शिवला, या टेबलावर. अजून पत्ता नाही त्याचा.”

“नाना, मी नुसती गंमत…”

“बस कधी आहे?”

“दुपारी.”

“मग गंमत नंतर सांग.” नानाने हातातल्या कोटाचं बटण लावून संपवलं, दोरा दातांनी तोडला. “बटणंच काढून टाकायला सांग. सगळ्यांची, सगळी. पिना लावा म्हणावं. शाळेत आहेत ना? वर्गातल्या बाईंच्या टेबलाच्या खणात बघा. लहान पोरांच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायला पिना ठेवतात तिथे.”

इतकं सोपं होतं. पण शिंप्याचा जन्म बटणं लावण्यात जातो. ती काढून चालेल, हे त्याला सुचत नाही. धाकट्याने ताईला कळवलं. नंतर दिवसभरात त्याने एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय दोनदा आखूड केला आणि दुसरा तसाच ठेवला. मालकीणबाई नानाला रागावल्या.

दुकान बंद करायच्या सुमारास फोन वाजला.

“आलो रे सीमेपार,” ताई म्हणाली. “पुलावरच्या पोरांनी पिना बघितल्या, एकमेकांकडे बघितलं. पिनवाल्यांचं काय करायचं, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकाने फोन लावला, तो लागेना. मागे गाड्यांची रांग. शेवटी म्हणाला, जा.”

“आणि पुढच्या नाक्यावर?”

“त्यांना वाटलं, डोंगराकडच्यांनी आमची बटणं तोडली. पाणी दिलं बिचाऱ्यांनी. भाऊजींना तीन पिना टोचल्या, त्याचंच रडगाणं चाललंय. कोणी सुचवलं रे हे? तुझं डोकं एवढं चालत नाही.”

“नानांनी.”

“त्यांना माझा नमस्कार सांग.”

धाकट्याने नमस्कार सांगितला. नानाने मान हलवली, आणि ती नमस्कारापुरतीच होती.

“मिटलं का भांडण?” मालकीणबाई किल्ल्या शोधता शोधता म्हणाल्या.

“नाही,” नाना म्हणाला.

धाकट्याने अंगातल्या शर्टाची बटणं कात्रीने एकेक करून कापली. पिनांच्या डबीतून पिना घेतल्या, शर्ट काढून टेबलावर पसरला आणि त्याला लावल्या. थंडीने अंगावर काटा आला, तसाच बनियनवर उभा राहिला. मग फोनवर त्याच ग्रुपसाठी लिहिलं, ‘बटणाचा फोटो मी टाकला होता. मी शिंपी आहे आणि मी मूर्ख आहे. टाक्यावरून माणूस ओळखता येत नाही. सगळ्यांनी बटणं काढा, पिना लावा. डोंगराकडच्यांनीही.’ हे त्याने नानाला वाचून दाखवलं. नानाने काही दुरुस्ती सुचवली नाही.

धाकटा फोटो काढायला वाकला. डागाची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने शर्ट ओढून त्यावर घेतला.

नाना उठून आला. त्याने दोन बोटांनी शर्टाची बाही बाजूला सारली.

“डाग दिसू दे,” तो म्हणाला. “नाहीतर त्यांना कळणार कसं, तूच तो?”