दुसरा कान

“आवो, कशी हायत तुमची उंदरां?”

दारात चपला काढतो न काढतो तोच मालूचा हा प्रश्न यायचा. दुसऱ्यांच्या बायका भाजी आणली का विचारतात, माझी उंदीर विचारायची.

“मजेत हायत.”

“आन् गाठी?”

“बारक्या झाल्या.”

“झाल्या ना? मंग?” असं म्हणून ती हसायची आणि कूस बदलायची. बदलताना ओठ चावायची. ते मला दिसत नाही, असं तिला वाटायचं.

रोह्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळतो. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं. त्या पांढऱ्या उंदरांच्या अंगात आधी कॅन्सरची गाठ वाढवतात, मग तिच्यावर नवं औषध देऊन बघतात. आणि जवळच अष्टमी गावातल्या आमच्या घरात मालूच्या पोटात तसलीच गाठ. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

एकदा मी प्रयोग करणाऱ्या ऋतुजा मॅडमना विचारलं, हे औषध करतं तरी काय?

“नाथाभाऊ, शरीराचे राखणदार असतात, रक्तातल्या पेशी. गाठ त्यांनाच फितवते. मग ते तिला मारायचं सोडून पोसत बसतात. आम्ही औषध अगदी बारीक कणांत भरतो. राखणदार ते कण गिळतात आणि शुद्धीवर येतात.”

घरी मालूला सांगितलं, तर म्हणाली, “म्हंजे माझीच मानसं मला फितूर? आमच्या भावकीसारखंच की वो.”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे हात जोडले. “एक सुई माझ्या बायकोला द्या.”

“माणसांपर्यंत यायला अजून वर्षं लागतील. अपाय झाला तर? मी कशी देऊ?” त्यांचे डोळे भरले होते. राग तरी कुणावर काढणार? मी जाऊन पिंजरे धुतले.

“थोडं थांबावं लागंल गो,” एवढंच मी मालूला म्हटलं. ती काय खुळी होती? म्हणाली, “मंग तुमी उंदराच्या कानात सांगा.”

मालू पेणच्या रामवाडीची. गणपतीच्या कारखान्यात देवाच्या पायाशी बसलेले उंदीर रंगवत मोठी झालेली. देवळात उंदराच्या कानात मागणं सांगतात, तेव्हा त्याचा दुसरा कान हातानं झाकतात. नाहीतर मागणं आरपार निघून जातं.

“गो, ती प्रयोगाची हायत.”

“मंग देवाची नायत का?”

आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी एक गुबगुबीत उंदीर हातात घेतला, बोटानं त्याचा एक कान झाकला आणि दुसऱ्यात म्हटलं, “मालू बरी होऊंदे.” मग रोजच म्हणू लागलो. त्याची गाठ विरत गेली, हाताला लागेनाशी झाली. मालू त्याला ‘आपला’ म्हणायची. ती मात्र दिवसेंदिवस वाळत होती.

एका संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, “प्रयोग संपला, नाथाभाऊ. उद्या सगळे कापायला घ्यायचे.”

“बरे झालेले पन?”

“आतून खरंच बरे झालेत का, ते कापल्याशिवाय कळत नाही.”

ठाऊक होतं मला. इतकी वर्षं ते पिंजरे मीच तर नेऊन ठेवले. पण आशा माणसाला खुळं करते.

त्या रात्री मालूला धड बोलवत नव्हतं. “उद्या आपल्याच्या कानात माझ्यासाठी मागू नका.”

“मंग काय सांगू?”

“सांगा, बरा झालास, आता सुखानं ऱ्हा. कुनीतरी बरं झालं ना वो.”

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

सकाळी त्याला हातात घेतला. रोजच्या सवयीनं तो गप्प बसला. पोट ऊन लागत होतं. कान झाकून मी मालूचा निरोप सांगितला, शब्द न बदलता. मग त्याला गॅसच्या पेटीत ठेवलं आणि झाकण मीच लावलं.

घरी आलो, तर तिची नजर दाराकडेच होती.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“आयकलंन त्यानं?”

“आयकलंन गो. दुसरा कान मी घट्ट झाकला होता.”

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. त्याच आठवड्यात ती गेली.

नवे उंदीर आलेत, त्यांचं दाणापाणी मीच करतो. कुणाच्या कानाशी जात नाही. संध्याकाळी दारात चपला काढतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो.