गोळ्यांच्या डबीतला रिसीव्हर

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ रिसीव्हर आहे, पण जेमतेम बोटाएवढा. संगणकाला जोडले की मी हवेतल्या लहरी पकडतो. त्यांचा आवाज आणि चित्र संगणक करतो. मी स्वस्तातला, म्हणून प्लॅस्टिकच्या कवचातला. दिवा, चार्जर, मिक्सर, जो तो आपली खरखर घेऊन माझ्यात घुसायचा. मला घडीभर चैन नसे.

मला बाबांनी आणले. ते पूर्वी जहाजावर बिनतारी संदेश घेत. आता फुप्फुसे थकली होती. कोपऱ्यातले प्राणवायूचे यंत्र दिवसभर घरघरत त्यांना श्वास पुरवी. टेकडीपलीकडे त्यांचा जुना सोबती राही. त्याला सगळे लंबू म्हणत. रोज दुपारच्या चहाला लंबू रेडिओवरून मोर्सच्या सांकेतिक लिपीत चार ओळी पाठवायचा. फोनवर बोलताना बाबांना दम लागे. इथे नुसते ऐकायचे होते.

पण त्या यंत्राच्या खरखरीची जाड रेघ संगणकाच्या पडद्यावर नेमकी लंबूच्या जागी उमटायची. एकदा मुलगी चहा घेऊन आली, तर यंत्र बंद आणि बाबांचे ओठ निळे.

"बाबा, हे काय?" तिने आधी बटण दाबले.

"दोनच मिनिटं गं. लंबू विनोद सांगत होता."

"विनोदापायी जीव द्याल?"

"चांगला असता तर दिला असता."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला समोर घेऊन बसली. "यंत्र चालूच राहणार. बदलायचं ते याला."

माझे प्लॅस्टिक उतरले. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मला बसवले. अँटेनाच्या जोडाची कड डबीला सोल्डर करून पक्की केली. वायरवर खरखर अडवणारे फेराइटचे काळे मणी चढवले आणि मला दूर खिडकीत ठेवले. रेघ बारीक झाली, गेली नाही.

"डबीला रंग आहे ना," बाबा म्हणाले. "झाकण पत्र्याला टेकतच नाही. दार उघडं ठेवून पाहुण्यांवर चिडतेस होय?"

तिने कडेचा रंग खरवडला, झाकण घट्ट बसवले. रेघ विरली. कोपऱ्यात यंत्र घरघरत होते आणि लंबू स्वच्छ ऐकू येत होता.

"काय म्हणतायत लंबूकाका?"

"म्हणतोय, कालचा विनोद पुन्हा सांगतो. तेव्हा तू झोपला असशील."

पुढे बाबा गेले. यंत्र भाड्याचे होते, ते परत गेले. मी खणात पडलो. बाहेर कपबशी वाजली की मला राहवत नसे. लंबू पाठवत असेल आणि मी इथे बहिरा!

एका दुपारी तिने मला जोडले. पडद्यावर रेघ नव्हती. तिने डबीचे झाकण काढले. तरी रेघ नव्हती. ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग तिथेच लंबूचे ठिपके उमटू लागले. ते थांबल्यावर तिने लंबूला फोन लावला.

"काका, अजून पाठवता?"

"सवय गं. ऐकतंय की नाही, हे मला कधी कळत होतं?"

"जरा हळू पाठवा. मी शिकतेय."

मित्रांनो, खरखर नको असेल तर माझ्यासारख्याला डबी द्या, मणी द्या, कडेचा रंग खरवडा. कुणाचा श्वास बंद करू नका. आणि मला खणात ठेवू नका. चहाची वेळ होत आली आहे.