पाइपाचं भोक

इंद्रलोक वस्तीतल्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जितेशने सहा फुटी फिश टँक बसवला, तेव्हा त्याला काळजी होती माशांची. माशांनी कधी त्रास दिला नाही. छळलं ते पाण्याने, कारण खालच्या मजल्यावर मिनलबेन राहत होत्या.

पहिल्यांदा सांधा गळला. दुसऱ्यांदा लाइट गेली, पंप थांबला आणि पाणी वर चढवणाऱ्या पाइपातूनच टँकमधलं पाणी उलटं खाली ओढलं गेलं. खालच्या कपाटातला फिल्टरचा डबा उतू गेला आणि मिनलबेनच्या देव्हाऱ्यावर थेंब टपकले. सोसायटीचं पत्र आलं: तिसऱ्यांदा गळती झाली तर टँक काढायचा.

दोन वर्षं खपून उभा केलेला टँक! जितेश हट्टाला पेटला. पंधरा दिवस व्हिडिओ पाहून डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा उपाय सापडला तो अगदीच पोरकट. पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, त्या पाइपाला एक बारीक भोक पाडायचं. लाइट गेली आणि पाणी बोटभर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. त्याने भोक पाडलं आणि पाच वेळा स्विच बंद करून पाहिला. बाहेर थेंब सांडला नाही.

आणि मंगळवारी दुपारी हाटकेश भागातल्या वर्कशॉपमध्ये त्याला बायकोचा, आरोहीचा फोन आला. "लाइट गेलीये आणि डबा उतू चाललाय!"

तो रिक्षाने घरी पोचला तेव्हा हॉलभर पाणी पसरलं होतं आणि त्याचे सासरे लवूमामा फडकं पिळत बसले होते. जितेशने टँकमध्ये हात घालून पाइप चाचपला. भोकाच्या जागी टणक गाठ लागली.

"मामा, इथे एक भोक होतं."

"होतं ना! पाण्यातल्या पाण्यात चिळकांडी उडत होती. काल आलो तेव्हा पंप बंद करून, सुकवून, सील भरलं. तुमच्या लक्षातच आलं नव्हतं, जितेशराव."

जितेशच्या मस्तकात तिडीक गेली. रत्नागिरीहून येऊन तीस वर्षं ज्या प्लंबरने लोकांची गळती थांबवली, त्याला मुद्दाम पाडलेलं भोक कसं पटावं? त्याने तीनदा समजावलं. मामांनी तीनदा मान हलवली.

"पाइपाला भोक म्हणजे गळती. हवाबिवा काय सांगताय!"

तेवढ्यात दारात मिनलबेन आल्या. "जितेशभाई, फिर से? पूरी सीलिंग टपक रही है!" मग त्यांची नजर मामांवर गेली. "लवूकाका, कल आप आए थे ना? आपने कुछ किया क्या? हमारी विंग के सब बाथरूम का काम आपको ही देने वाले हैं, इसलिए पूछती हूँ।"

मामांनी छाती फुगवून तोंड उघडलं. ते खरं तेच सांगणार, अगदी अभिमानाने सांगणार, हे जितेशला दिसलं.

"नहीं मिनलबेन," तो घाईने मध्ये पडला. "पाइप में छेद मैंने किया था। गलती मेरी है। टँक इतवार को निकाल दूँगा।"

त्या पुटपुटत गेल्या. आरोही नवऱ्याकडे बघत राहिली.

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकतो माणूस, जितेशराव. पण भोक पाडायच्या आधी मला एकदा विचारायचंत."

"हो मामा," जितेश म्हणाला, "चुकलंच माझं."