सगुणबाबांचं मिक्सिंग

आपला आवाज पुरेसा आहे असं वाटणारा माणूस माझ्या स्टुडिओत अजून आलेला नाही. डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. गणपतीची चवथ जवळ आली की तिथं आरती मंडळांची रीघ लागते. मंडळ एकत्र येतं, गातं आणि जातं. मग एकेकटे परत येतात. मातीचं घुमट वाजवणारा येऊन सांगतो, निखिल, घुमट जरा वाढव. काठ्यांनी शामेळ बडवणारा तेच सांगतो. कांसाळें, म्हणजे मोठे टाळ, वाजवणाऱ्याचं तर खालच्या रस्त्यावरही ऐकू जातं, पण त्यालाही कमीच वाटतं. मी समजावतो की पंगतीत एक उभा राहिला तर त्याला पलीकडचं दिसतं, सगळेच उभे राहिले तर वाढप्यालाही वाट उरत नाही. मिक्सिंग म्हणजे वाढवणं नव्हे, प्रत्येकाला बसायला जागा देणं. सगळे माना डोलावतात. मग म्हणतात, ते खरं, पण आमचं तेवढं वाढव.

लाटंबार्शाचे सगुणबाब या सगळ्यांचे गुरू. सुर्ल्याच्या खाणींवर त्यांचे ट्रक चालायचे. खाणी थांबल्या, ट्रक गेले आणि हॉर्न तेवढा त्यांच्या गळ्यात राहिला. मंडळाचे मुख्य गायक तेच, अध्यक्ष तेच, आणि पोस्टरवर गणपतीपेक्षा मोठा फोटोही त्यांचाच. त्यांचा सूर किंचित खाली असतो. किंचित म्हणतो तो मी सभ्य माणूस आहे म्हणून.

त्यांच्या मागे कोरसमध्ये तीन बायका होत्या. त्यातली एक त्यांची बायको, पद्मावती. पहिल्याच आरतीला तिनं मागून सूर धरला आणि माझा हात कीबोर्डवर थांबला. आवाज मोठा नव्हता, पण सरळ होता, आणि सगुणबाब जिथं घसरत होते तिथं ती त्यांना अलगद उचलून जागेवर ठेवत होती. मी काहीतरी कारण सांगून तिला वेगळा माईक दिला. इतक्या वर्षांत असा गळा माझ्याकडे आला नव्हता, आणि आला तो ह्या माणसाच्या पाठीमागे लपून.

मिक्सिंगला सगुणबाब स्वतः येऊन बसले, माझ्या खुर्चीला खुर्ची लावून. पद्मावती मागच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी घुमटाचा खालचा घुमारा थोडा कापला, म्हणजे गळ्यांना जागा होते. कांसाळें एका अंगाला सारलं, शामेळ दुसऱ्या. सगुणबाबांना मध्ये ठेवलं आणि ती त्यांच्या लगेच मागे. गाणं उभं राहिलं. सगुणबाबांनी आधी एको मागितला, कारण एकोशिवाय देव ऐकत नाही अशी त्यांची समजूत. तो दिला. मग त्यांनी तळहात खाली दाबून दाखवला.

"बायलेचो आवाज इतलो फुडें बरो दिसना. सकयल हाड."

मी सांगून पाहिलं की तो आवाज आहे म्हणून तुमचा उभा आहे. ते हसले. पोराची जात, याला काय कळतं, असं ते हसू होतं. अशा माणसांसाठी माझ्याकडे एक औषध आहे. माझं सगळं मिक्सिंग कॉम्प्युटरवर होतं. टेबलावरचा मोठा मिक्सर रेकॉर्डिंगपुरता, आणि त्याच्या शेवटच्या सरकत्या पट्टीला काहीच जोडलेलं नाही. मी ती पट्टी दाखवून म्हटलं, हा वयनींचा आवाज, तुम्हीच करा तुमच्या हातानं. सगुणबाबांनी पट्टी पार तळाला ओढली. गाण्यात केसभरही फरक पडला नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"आतां कशें सारकें झालें."

ते जिना उतरले आणि मी पोटभर हसलो; पद्मावती अजून दारातच होती. अशा कानाच्या माणसानं गाणी म्हणायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हेच तर आमच्या तालुक्याचं संगीत.

आरती फोनाफोनी फिरली. पार पेडण्याच्या लोकांनीही मला विचारलं, मागची ती बाई कोण. मी खूश होतो. म्हटलं, सगुणबाबांच्या नाकावर टिच्चून ती लोकांपर्यंत पोचली.

मग एका दुपारी पद्मावती एकटीच बसनं आली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही. गावात सगळे त्या आवाजाचं कौतुक करतात, पण तो तिचा आहे असं कुणी मानत नाही, असं तिनं सांगितलं. सगुणबाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं की बायकोचा आवाज मी माझ्या हातानं बंद केला, ही स्टुडिओवाल्याची चली आहे, पणजीहून आणलेली मुलगी. शेजारणींनाही ते पटलं होतं. आपल्या रोजच्या बाजूच्या बाईला इतका गळा असेल, यापेक्षा पणजी पटायला सोपी.

"तें बटण खंयच लायिल्लें ना, म्हाका तेन्नाच कळ्ळें," ती म्हणाली. "तुमी तांच्या फाटल्यान हांसले. तोंडार कांय उलयले ना."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगतो, तुमचा एकटीचा आवाज काढून ऐकवतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की सगुणबाब आणि मी एकाच पाटावर बसलो असल्यासारखं मला वाटलं.

"म्हजो न्हय तर थंय दवरूं नाका. काडून उडयात."

गावच्या मांडवात लावायला सगुणबाबांनी पेनड्राइव्हवर नवी प्रत मागितलीच होती. ती गेल्यावर मी तिचा आवाज काढला, खरोखरचा. जे उरलं ते ऐकून मला हसू आलं नाही. घुमट होतं, कांसाळें होतं, आणि मध्ये आधार सुटलेला एक माणूस भरपूर एकोमध्ये चाचपडत होता. मी त्यात काहीही सुधारलं नाही. तसंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मांडवातली पोरं ऐकून हसली होती. तू गाणं बिघडवलंस, तुझ्या मशिनीत काहीतरी घोळ आहे, माझा आवाज असा नाहीच, हे सगळं त्यांनी एका दमात सुनावलं. मी ऐकून घेतलं. शेवटी मुद्द्यावर आले.

"ती चली परत घाल."

"ती चली पणजेची न्हय," मी म्हटलं. "ती तुमची बायल. तुमी सकयल ओडलें तें बटण खंयच जोडिल्लें नाशिल्लें. परत घालपाचें काय ना तें तांकां विचारात."

मला वाटलं, शिव्या येतील. त्या मी झेलायला तयार होतो, थोडा उत्सुकही होतो. पण त्यांनी फोन बाजूला धरला आणि घरात हाक मारली.

"गो, मातशें हांगा यो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. कुणाला हाक मारता असं विचारणारा तिचा आवाज आला, तोच, सरळ.

"कोणाक आपयतात?"

सगुणबाबांनी तिचं नाव घेतलं, पण इतक्या हळू, की स्वयंपाकघरापर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. त्यांना ते पुन्हा घ्यावं लागलं, मोठ्यानं.